मुदतीआधी बंद झालेला लिलाव

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, एकदा दंगलीत डोक्यात दगडही बसला. निवृत्तीनंतर भेटणारे लोक मला त्याच गोष्टी विचारतात. पण सकाळी अंगणात खुर्ची टाकून एकटा बसलो की मला आठवतं ते कोशाच्या रेशमाचं एक लुगडं, आणि त्याच्यासाठी तीनदा ठाण्यात आलेला एक म्हातारा.

तेव्हा मी नागपूरच्या जुन्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या आमच्या हद्दीत यायच्या. सकाळची हजेरी, स्टेशन डायरीवर सही, आरोपींना कोर्टात रवाना करणं, आणि मग अर्जदारांची रांग, हा रोजचा क्रम. मे महिना होता. माझ्या खोलीत कूलर घरघरत होता आणि ओल्या वाळ्याचा वास पसरलेला होता. त्या वासाने आजही मला ते ठाणं आठवतं.

खिडकीतून बघितलं तर बाहेरच्या बाकावर एक सत्तरीपुढचा म्हातारा आणि चाळिशीची एक बाई डबा उघडून जेवत होते. आदल्या दिवशीही त्यांना तिथेच पाहिलं होतं. ठाणे अंमलदाराला विचारलं. तो म्हणाला, "सर, बापलेक आहेत. उमरेडहून येतात, विकणारा महालातला दिसतो म्हणून. इंटरनेटवरच्या लिलावाची भानगड आहे. गुन्हा होत नाही म्हणून दोनदा परत पाठवलं, तरी आज पुन्हा आले."

मी दोघांना आत बोलावलं. म्हातारा खुर्चीच्या कडेवर टेकला.

"सायेब, मले कोनाले आत टाकाचं नाई," तो म्हणाला. "माह्यं काई चोरीलेबी नाई गेलं. फक्त थ्या मानसाले इतकं विचारून द्या, का तुनं लिलाव काहून बंद केला?"

मग मुलीने नीट सांगितलं. घराणं विणकरांचं. तिचे आजोबा कोशाची करवतकाठी लुगडी विणायचे, म्हणजे काठावर करवतीसारखे दाते असलेली. त्यांची करवत इतरांपेक्षा वेगळी होती, एक दाता मोठा आणि दोन लहान. माग बंद पडला, लुगडी विकली गेली, घरात एकही नमुना उरला नाही. आता या मुलीने उमरेडला पुन्हा माग उभा केला होता. पण ती करवत तिला जमेना आणि वडिलांना डोळे साथ देईनात. जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका संकेतस्थळावर तिला अचानक त्याच काठाचं लुगडं दिसलं. सहा दिवसांचा लिलाव होता. बापलेकीने बोली लावली आणि ती सगळ्यात वर राहिली. शेवटच्या दिवशी सकाळी मोबाईल उघडला तर लिलाव रद्द. खाली कारण होतं : वस्तू खराप झाली.

"कोसा असा एका दिवसात बिघडत नाई सायेब," म्हातारा म्हणाला. "फाटते तं घडीवर फाटते, अन् त्याले वर्सं लागते. हे झूट आहे."

झूट असणार हे मलाही दिसत होतं. अशा ठिकाणी वस्तू फुटली किंवा हरवली तर विक्रेत्याला मुदतीआधी लिलाव थांबवता येतो. काहीजण याच सवलतीचा फायदा घेतात. बाहेरून कोणी जास्त किंमत देऊ केली की खोटं कारण टाकून लिलाव बंद करतात आणि वस्तू परस्पर विकतात. हे संकेतस्थळाच्या नियमाविरुद्ध आहे, पण पोलिसांनी गुन्हा दाखल करावा असं त्यात सहसा काही नसतं. मी त्यांना तसं सांगितलं. म्हातारा वाद न घालता उठला, हात जोडले आणि दाराकडे वळला.

का कोण जाणे, मी विचारलं, "बाबा, ते लुगडं तुमच्या वडिलांचंच कशावरून?"

"पदराच्या शेवटी, उजव्या काठात, एक पिवळा धागा असन. बाप दर लुगड्यात एक टाके. माय माह्यी लग्नात पिवळं नेसून आली होती म्हणून."

मी मुलीच्या मोबाईलवरचे सगळे फोटो पाहिले. एकाही फोटोत पदराचं टोक दिसत नव्हतं. मी त्यांचा लेखी अर्ज ठेवून घेतला.

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होती. संगणकाची कामं तीच बघायची. तिने संकेतस्थळाला कार्यालयीन ईमेल पाठवला आणि आठवड्याभरात विक्रेत्याचा नाव-पत्ता आला. आमच्याच हद्दीतल्या एका वसाहतीत एकट्या राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. मी त्यांना ठाण्यात बोलावलं.

इथे मला माझीच एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या वेळेवर आल्या होत्या. मी मुद्दाम त्यांना दोन तास बाहेर बसवून ठेवलं. बसवून ठेवलं की माणूस नरम पडतो, हे आम्ही नोकरीत शिकलो होतो. आत आल्यावर खुर्ची दिली, पण आवाज चढाच ठेवला.

"लुगडं कुठे आहे?"

"खराब झालं."

"कसं?"

उत्तराची वाट न बघता मी टेबलावर हात आपटला. "बाई, शिक्षिका होता ना तुम्ही? एका म्हाताऱ्या माणसाला फसवताना काही वाटलं नाही? किती जास्त मिळाले?"

त्यांनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. चेहऱ्यावरचा रंग गेला होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मी छापील कागद पुढे केला. "हे बघा, तुम्हीच लिहिलंय. वस्तू खराप झाली."

त्यांनी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. ठाण्यात पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज स्थिर झाला.

"हे मी लिहिलेलं नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. मी 'खराप' लिहीन?"

मी कागदाकडे पाहिलं. आठवडाभर तो माझ्या टेबलावर होता. ती चूक मला दिसली नव्हती.

त्यानंतर सगळं बाहेर आलं. लिलाव संपायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी एक माणूस आला होता. गळ्यात त्याच संकेतस्थळाचं ओळखपत्र. तो म्हणाला, तुमच्या वस्तूवर सर्वांत वरची बोली लावणारा माणूस ठग आहे, पोलीस त्याच्या मागावर आहेत. व्यवहार झाला तर तुमचं बँक खातंही गोठवलं जाईल. आत्ताच लिलाव रद्द करा, कंपनी तुमची वस्तू ठरलेल्या दराने घेईल. बाईंना मोबाईलवर ते जमेना, तेव्हा त्यानेच त्यांचा फोन घेतला आणि कारण टाइप केलं. बोलीच्या निम्मीही किंमत न देता लुगडं घेऊन गेला. जाताना म्हणाला, कोणाला बोलू नका, नाहीतर तुमचंच नाव यायचं.

"आणि खरंच आलं," बाई म्हणाल्या. "तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, त्याने सांगितलं तेच झालं."

मी ज्यांना आरोपी समजून दरडावत होतो, त्याच फसलेल्या होत्या. आता गुन्हा होता. तोतयागिरी आणि फसवणूक. बाईंना फिर्यादी करून तो दाखल केला. पण त्या माणसाचा नंबर बंद होता आणि वर्णन असं, की भर बाजारात शंभर माणसं तशी सापडावीत.

रस्ता दाखवला तो म्हाताऱ्याने. मी त्याला बोलावून घडलेलं सांगितलं. 

"सायेब, इतका जुना कोसा घडीवर विरतेच. तसा कोनी घेनार नाई. विकाच्या आंधी त्याले रफू करा लागते. अन् कोशावर बारीक रफू करनारे हात आता गावात किती उरले?"

महालात एकच होता. दाट भिंगाचा चष्मा लावून दुकानाच्या पायरीवर बसणारा वयस्क रफूगर. आमच्या ठाण्यातल्या सगळ्या पोलिसांच्या वर्दीचे फाटलेले खिसे त्यानेच सांधलेले. महिला हवालदार त्याच्याकडे साध्या कपड्यांत गेली आणि तासाभरात तिचा फोन आला.

"सर, याच्याकडे नेहमी येणारा एक माणूस आहे. तीन जुनी वस्त्रं टाकून गेलाय. त्यात एक करवतकाठी आहे. शनिवारी न्यायला येणार."

शनिवारी आम्ही समोरच्या भांड्यांच्या दुकानात बसलो. बाराच्या सुमारास स्कूटरवरून तिशीतला एक माणूस उतरला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं अतिशय नम्र. त्याने पिशवी हातात घेतली आणि आम्ही त्याला ताब्यात घेतलं.

ठाण्यात तो जराही घाबरला नाही. "साहेब, मी जुन्या कपड्यांचा धंदा करतो. बाईंनी राजीखुशी विकलं, मी घेतलं. लिलाव त्यांनी स्वतः बंद केला. यात माझा काय गुन्हा सांगा नं?"

माणसं ओळखण्याचा एक अनुभव सांगतो. भुरटा चोर खोटं बोलताना अडखळतो. असा माणूस अडखळत नाही, कारण त्याचं खोटं रोजच्या वापरातलं असतं. त्याच्यावर ओरडून काही उपयोग नसतो. शिवाय ठाण्यातली कबुली कोर्टात टिकत नाही. मला कबुली नको होती, पुरावा हवा होता.

मी त्याला चहा दिला, कागद आणि पेन दिलं. म्हटलं, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. धंदा कसा करता ते तुमच्या हातानेच लिहून द्या."

त्याने मन लावून पानभर लिहिलं. अक्षर सुरेख होतं. सहाव्या ओळीत होतं : काही वस्तू खराप असल्यामुळे मी कमी भाव दिला.

दरम्यान महिला हवालदाराने विदर्भातल्या विक्रेत्यांचे मुदतीआधी बंद झालेले लिलाव शोधून त्यांचे कागद काढले होते. ती काही न बोलता एकेक कागद त्याच्यापुढे ठेवत गेली. विक्रेते वेगवेगळे, गावं वेगवेगळी, कोणाची पितळी समई, कोणाचं घड्याळ. प्रत्येकावर तेच तीन शब्द आणि तीच चूक. चौथ्या कागदाला त्याने पाणी मागितलं. ओळखपत्र स्कूटरच्या डिकीत होतं. ते पंचांसमक्ष जप्त केलं. त्यानंतर फोन तपासला, परराज्यातल्या खरेदीदाराशी झालेलं बोलणं मिळालं. जे विक्रेते भीतीने गप्प बसले होते, तेही एकेक करून जबाब द्यायला आले. जवळजवळ सगळे वयस्क आणि एकटे राहणारे. पुढे त्याला शिक्षा झाली.

लुगड्याच्या ओळखीचा पंचनामा मात्र मला त्याहून जास्त आठवतो. टेबलावर स्वच्छ चादर टाकून आम्ही ते उलगडलं. शिक्षिका एका बाजूला, बापलेक दुसऱ्या बाजूला. म्हाताऱ्याने डोळे जवळ नेले नाहीत. तो काठावरून बोट फिरवत पदराच्या टोकापर्यंत गेला आणि थांबला.

"पाह्य वं पोरी, इथं असन."

मुलीने वाकून पाहिलं. पिवळा धागा तिथे होता. म्हाताऱ्याने बोट उचललंच नाही.

शिक्षिकेने मला हळूच विचारलं, "बोली यांची होती?"

"हो."

"तो ठग, ठग म्हणून सांगितला तो... हे?"

मी मान हलवली. त्या खूप वेळ म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत राहिल्या.

कोर्टाच्या आदेशाने लुगडं बाईंना परत मिळालं. मला वाटलं, त्या आता ते म्हाताऱ्याला विकतील. तसं झालं नाही. ताबा पावतीवर सही करून त्या म्हणाल्या, "माझ्या आईचं आहे हे. घर आवरताना वाटलं होतं, कोण नेसणार? पण आता नाही विकणार." मुलीचा चेहरा उतरला. म्हातारा मात्र म्हणाला, "बराबर आहे बाई. तुमच्या मायचं आहे. ठेवा."

बाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मुलीला म्हणाल्या, "या काठाचे धागे मोजायला किती दिवस लागतील तुला?"

"मालूम नाही, मॅडम. लय बारीक काम आहे."

"मग दर रविवारी ये. वडिलांना घेऊन ये. जेवून जात जा."

ते दोघं पावसाळाभर एसटीने उमरेडहून येत राहिले. बाई लुगडं दिवाणावर पसरून ठेवायच्या. मुलगी भिंग लावून धागे मोजायची, म्हातारा आडवा धागा नेणारे तीन धोटे मागावर कसे फिरायचे ते सांगायचा, आणि बाई आपल्या वळणदार अक्षरात सगळं वहीत उतरवून घ्यायच्या. दिवाळीच्या सुमारास उमरेडच्या मागावर पहिला वीतभर काठ निघाला. मुलगी तो दाखवायला ठाण्यात आली. एक दाता मोठा, दोन लहान. हजेरीला उभे असलेले शिपाई रांग मोडून बघायला आले आणि मी कोणाला रागावलो नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? 'गुन्हा होत नाही' हे उत्तर कायद्याने बरोबर असू शकतं आणि तरीही घाईचं असू शकतं. त्यानंतर आलेल्या माणसाचं पूर्ण ऐकल्याशिवाय ते वाक्य मी उच्चारलं नाही. आणि घाबरलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा तो कोणाला घाबरला आहे, हे आधी शोधावं. त्या दुपारी त्या बाई दोघांना घाबरल्या होत्या. त्यातला एक मी होतो.

हे त्यांना सांगायचं नोकरीत असताना राहून गेलं. वर्दीत असताना माफी मागायची सवय नसते. निवृत्त झालो त्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, उमरेडच्या बापलेकीची खुशाली झाली. निघताना मी कसाबसा सुरू झालो, "बाई, त्या दिवशी ठाण्यात मी जे... म्हणजे आमच्या कामात कधीकधी..."

त्यांनी कप खाली ठेवला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पूर्ण वाक्यात बोला."

मी उभा राहिलो. "मी तुमच्याशी चुकीचं वागलो. मला माफ करा."

"बसा," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कपात पुन्हा चहा ओतला.