नारायणगुड्याचं चार्जिंग स्टेशन मी पाहिलंच नव्हतं

मित्रांनो, गेल्या आठवड्यात मी इथे हैदराबादच्या तीन इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग कंपन्यांची तुलना आणि भरवशाच्या स्टेशनांची यादी टाकली होती. तुम्ही भरपूर कौतुक केलंत.

आज दुपारी आपल्या ग्रुपमधल्या सुनंदाताईंचा फोन आला. "दादा, तुम्ही भरवशाचं म्हणून लिहिलेल्या नारायणगुड्याच्या स्टेशनवर आलेय. फाटकाला कुलूप आहे. गाडीत तीन टक्केच चार्ज उरलाय."

मी लगेच गेलो. मागच्या सीटवर त्यांचे सासरे घामाघूम होऊन बसले होते. मलकपेठच्या डॉक्टरांची वेळ टळून गेली होती. वॉचमन म्हणाला, "दो महिने से बंद है साब."

ताईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः इथे चार्ज केलं होतं ना?"

"हो, तीन महिन्यांपूर्वी. तेव्हा चालू होतं."

साफ खोटं. अ‍ॅपवरचे स्टार बघून मी घरबसल्या लिहिलं होतं.

"मग तुमचा काय दोष? उगीच तुम्हाला उन्हात बोलावलं," ताई म्हणाल्या.

ताईंची गाडी तिथेच ठेवून ताईंना आणि सासऱ्यांना मी माझ्या गाडीतून घरी सोडलं, पण वाटेत खरं बोलायची हिंमत झाली नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर सांगतोय. ताई, दोष माझाच होता. मला माफ करा.

माझी यादी वाचून आणखी कुणी अडकलं होतं का?