नलूने पिशवीत झाकलेला हात

नलू घाबरली, असं मुरुडच्या कोळीवाड्यात कुणाला सांगाल तर तो तुम्हालाच वेड्यात काढेल. अहो, नवरा तुळशीराम वादळात दोन दिवस होडीसकट बेपत्ता होता, तेव्हा हिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. उलट तो परतल्यावर “जाळं कुटं टाकून आलास?” म्हणून त्याचीच खरडपट्टी काढली. एसटीत माशांची पाटी चढवू देत नाही म्हणणाऱ्या कंडक्टरला तिनं असं काही ऐकवलं, की शेवटी तो बिचारा स्वतःच पाटीला हात लावायला खाली उतरला.

अशी बाई भ्यायली ती एका छापील कथेला. हसू नका, मीही आधी हसलो होतो.

मार्तंड सर म्हणजे निवृत्त शिक्षक, नारळी-पोफळीची मोठी वाडी असलेले. त्यांच्याकडे नलू तीस वर्षं मासे देते आणि पडवीत बसून साफही करून देते. एका सकाळी सर नातीला, इराला, गोष्ट वाचून दाखवत होते. एक माणूस यंत्रावर बसून लाखो वर्षं पुढे जातो. तिथे माणसांच्या दोन जाती झालेल्या असतात. एक वर बागेत राहणारी, नाजूक, फळं खाऊन खेळणारी. दुसरी जमिनीखाली अंधारात यंत्रं चालवणारी, फिकट, आणि अंधार पडला की वर येऊन पहिल्यांना खाणारी.

नलूच्या हातातली सुरी थांबली. “पन सर, एका मानसाच्या दोन जाती झाल्या कशा?”

“अगं, हे वरचे वरच्यांतच लग्नं करत राहिले, खालचे खालच्यांत. एकमेकांत सोयरीक नाही, उठबस नाही. मग शरीरंच बदलत गेली.” सर रंगात आले होते. “उद्या तुम्हा कोळ्यांच्या बोटांना बदकासारखे पडदे येतील, आणि आम्ही वाडीवाले शहाळी पिऊन पिऊन लोण्यासारखे मऊ पडू!”

“म्हंजे आमी तुमाला खानार व्हय? तुमच्यात खायला हाय काय!” नलू म्हणाली. इरा खो खो हसली, सर हसले. नलूही हसली.

दोन महिन्यांनी तिची सून विनिता बाळंत झाली. मुलगी झाली. आणि मुलीच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं कातडीनं जोडलेली निघाली, टोकापर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. असं होतं कधी कधी, घाबरू नका, पोर मोठी झाली की छोटं ऑपरेशन करून बोटं सुटी होतात. विनितानं ऐकलं, तिच्या नवऱ्यानं, मितेशनं ऐकलं. नलूच्या कानात मात्र सरांचं हसणं घुमत होतं. कारण विनिता ही नलूच्या सख्ख्या भावाची मुलगी. बाहेरची मुलगी करायला मितेश तयार होता. पण “घरातली पोर घरातच बरी” म्हणून नलूनंच हट्टानं भाची सून करून आणली होती. वाड्यात ही रीतच होती, कुणी नाव ठेवलं नव्हतं. आता नलूला वाटायला लागलं, हे सगळं आपणच सुरू केलं. आपल्या हट्टापायी आपल्याच घरात माणसाची दुसरी जात जन्माला आली.

तिनं जुन्या लुगड्याची इवलीशी पिशवी शिवली आणि पोरीच्या हातावर बांधली. “नखं लागतात गो तोंडाला,” असं शेजारणींना सांगितलं. सरांकडे मासे घेऊन जाणं बंद केलं. पोर रडली की ही हातातलं टाकून धावायची. पिशवी सुटली की काय, कुणी बघितलं की काय? बारसं परवावर आलं. अख्खा वाडा येणार, आणि कुणीतरी बाई लाडानं ती पिशवी सोडणारच.

दुपारी मितेश आणि तुळशीराम बंदरावर होते. विनिता आत झोपली होती. नलूनं पोरीला ओट्यावरच्या उजेडात मांडीवर घेतलं, पिशवी सोडली आणि धारेची सुरी स्टोव्हवर तापवून पुसली. नुसती कातडी तर हाय, तिनं मनाशी म्हटलं. आजवर किती हजार माशांचे पर कापले असतील आपण. एक रेघ, आणि हळद.

तिनं बोटं फाकवून उन्हात धरली. पातळ कातडीतून ऊन लाल दिसलं, आणि त्या लालीत एक शीर बारीक उडत होती. नलूला मांस कळत होतं. हे कापलं तर रक्त थांबायचं न्हाय, हे तिला त्याच क्षणी कळलं. “आय गं!” तिच्या तोंडून किंकाळीच फुटली. सुरी खाली पडली.

विनिता धावत आली. तिनं सुरी बघितली, सुटलेली पिशवी बघितली. घार झडप घालते तशी तिनं पोर उचलली आणि पार भिंतीला जाऊन टेकली.

“विनू, मी काय केलं न्हाय गो! बघ, कुटं लागलं न्हाय!”

“आत्या, तू तिथंच बस. जवळ येऊ नको.”

जन्मापासून हिच्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर ती. ती आज नलूकडे अशी बघत होती, जणू समोरची बाई माणसातली नव्हेच. नलू उठायला गेली तर विनितानं आणखी अंग चोरलं. तिनं केलं नाही, हे खरं होतं. करणार होती, हेही खरं होतं, आणि ते दोघींनाही कळलं होतं.

बारसं झालं. विनितानं पोरीचा हात उघडाच ठेवला. बायकांनी बघितला, दोन दिवस चघळलं, मग विसरल्या. मार्तंड सर येऊन गेले. नलूनं त्यांना मनातली भीती सांगितली. “वेडी आहेस का नलू, लाखो वर्षं लागतात त्याला,” म्हणाले.

पोर वर्षाची झाल्यावर अलिबागला ऑपरेशन झालं. सकाळच्या एसटीनं विनिता, मितेश, तुळशीराम सगळे गेले. नलू लुगडं नेसून, डबा भरून तयार बसली होती. तिला कुणी चल म्हटलं नाही.