तळ्याचे दार

शिंगणापूरला एसटीतून उतरलो तेव्हा गळ्यात नवी दुर्बीण होती आणि डोक्यात पाणकोंबड्या. दुष्काळात कोरडे पडलेले जवळच्या वस्तीवरचे तळे यंदा भरले, पाणकणीस (काठाचे उंच गवत) फुटले आणि त्यात पाणकोंबडीने घरटे केले, अशी नगरला खबर आली होती.

तळ्याकाठी सखूबाई भेटल्या. पाणकणसाच्या चटया विणून त्यांचे घर चालते.

"दुष्काळात हात रिकामं हुतं. आता कुठं कोंब आल्यात, तर म्हशी मुळासकट खात्यात. अंडी बी तुडवतील," त्या म्हणाल्या.

म्हणून वस्तीने बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालायला घेतले होते. मी ठेचा-भाकरी हाणली आणि गवतात शिरलो. घरटे दिसले, अंडी दिसली. आनंदाने ओरडणार, तोच मागून फुत्कार आला. पाण्यावर दोन नाकपुड्या आणि दोन शिंगे होती.

मी पळत कुंपणाशी आलो. तोवर ते पुरे झाले होते.

"दार कुठे आहे हो?" मी बाहेर काटे रचणाऱ्या तात्यांना विचारले.

"दार? शनिदेवाच्या मुलखात? आमी न्हाई लावत, पाव्हनं."

"मग मी बाहेर कसा येऊ?"

तात्यांनी डोके खाजवले. "ह्यो इचार ऱ्हायलाच."

"आणि आत म्हैस आहे! एक शिंग वर, एक खाली."

तात्यांचा चेहरा पडला. ती त्यांचीच चंद्री होती.

मला शिडीवरून काढले. विजारीचा बराच भाग कुंपणाला अर्पण झाला. पण म्हशीला शिडी कशी लावणार? आज तिच्यासाठी कुंपण उघडले, तर उद्या सगळ्यांच्या म्हशी हक्क सांगणार. सखूबाई रडकुंडीला आल्या. वाद ऐन रंगात आला असताना चंद्री कंटाळून उठली, काटे तुडवत आली आणि भगदाडातच तिने बैठक मारली. तेवढ्यात बाकीच्या म्हशी पाण्यावर आल्या. चंद्रीने वरचे शिंग दाखवले. सगळ्या गुमान माघारी फिरल्या.

तात्यांनी पेंडीचे घमेले तिथेच आणून ठेवले. "हे काय दार न्हाई. म्हैस हाय. देवाला चालतंय."

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. सखूबाईंनी मूठभर पेंड दाखवताच चंद्री सरकली. आत पाणकणीस डोक्याच्या वर गेले होते आणि पाणकोंबडीमागे तिची पिल्ले पळत होती. मला फार बरे वाटले. सखूबाईंनी यंदाची पहिली चटई माझ्या काखेत कोंबली.

रात्री नगरला पोचलो तर घराला आतून कडी. दार बडवले.

"कोण आहे?" आतून बायकोने विचारले.

लग्नाला इतकी वर्षे झाली, तरी नाव सांगितल्यावरच दार उघडले. चंद्री मूठभर पेंडीवर सरकली होती. मी दारातच चटई पसरली आणि चंद्रीसारखाच ठाण मांडून बसलो; मूठभर चिवडा मिळाल्याशिवाय सरकणार नव्हतो.