आक्काच्या मागाचा खड्डा

आक्काशी बोलायचे तर मोठ्या माणसालाही वाकावे लागे. शहापुरातल्या आमच्या गल्लीत तिचा माग होता. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून ती बसे, खाली पावड्या दाबी आणि वर धोटा फेकी. दारातून ती कमरेपासून वरच दिसे. मुन्शिपालटीचे मेंबर आप्पासाहेब मते मागायला आले की पुरुष हात जोडून उभे राहत. आक्का मागावरून उठत नसे. "उठलं की बसलेला हात मोडतोय," म्हणे. मग आप्पासाहेबच धोतराचा सोगा सावरून वाकत, आणि वाकलेल्या माणसाला ती प्रश्न विचारी.

पहिला प्रश्न ठरलेला असे. तिचा नवरा पटकीने गेला होता. गल्लीतल्या विहिरीच्या पाण्यानेच गेला, असे ती म्हणायची.

"आप्पासाब, तुमच्या घरात नळ आला. त्यो आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन का थांबला? दमला व्हय?"

बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आप्पासाहेबही हसत. "पुढच्या साली बघू, आक्का."

"पुढच्या सालापतोर आमच्यातलं कोण कोण ऱ्हाईल, त्ये बी सांगून जावा."

मी तेव्हा तिच्याकडे धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला जायची. माझी चौथी झाली होती आणि मुलींची शाळा तिथेच संपत होती. तेही तिने विचारले.

"पुढं शिकून काय करणार त्या? चुलीपुढंच बसायचं ना?" आप्पासाहेब म्हणाले.

"मग तुमची लेक पुण्याला कुठली चूल शिकायला गेलीया?"

त्या दिवशी आप्पासाहेब चहा न घेता गेले. शाळा चौथीवरच राहिली. मीही राहिले.

मग गल्ली पाडायचे ठरले. ऊनवारा येत नाही, रोगराई हटत नाही, तर घरे पाडून रुंद रस्ता करायचा आणि मागच्या माळावर चाळ बांधून सगळ्यांना भाड्याने हवेशीर खोल्या द्यायच्या. देवळापुढे सभा झाली. खोल्यांना फरशी असेल, ती कुणी उखडायची नाही, असे आप्पासाहेबांनी बजावले. आक्का उठली. चारचौघांत तिला उभी मी पहिल्यांदाच पाहिली. ती इतकी बुटकी आहे हे मला माहीतच नव्हते.

"आप्पासाब, माग कुठं घालू?"

"फरशीवर मांडा की."

"आणि पाय कुठं सोडू? तुमच्या दिवाणखान्यात?"

सभा हसली. आप्पासाहेब म्हणाले, "आक्का फार गमतीची बाई आहे." पुरुषांनी संमतीच्या कागदावर अंगठे उठवले.

घरे पडली. आक्काचा माग खोलीच्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि पावसाळ्यात चुलीत गेला. ज्या कांड्या मी तिच्याकडे भरायची, त्या भरायला ती आता वडगावला दुसऱ्यांच्या दारात जाऊ लागली. घरपट्टी भरणाऱ्यालाच मत होते. घर गेले तसे तिचे मतही गेले, आणि आप्पासाहेब चाळीकडे यायचे थांबले. "आता मी कुणाला इचारू गं?" ती मला म्हणे.

रस्ता तर झालाच नाही. पाडलेल्या घरांतले मागांचे खड्डे तसेच उघडे राहिले. त्यांत पाणी साचले, डास झाले आणि चाळीत घरोघरी हिवताप शिरला. तेव्हा आरोग्य खात्याचे साहेब आले, बरोबर आप्पासाहेब. साहेब नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले. "तुम्ही लोक स्वच्छता पाळत नाही," म्हणाले.

आक्का फरशीवर वाकळ घेऊन पडली होती. तिचा आवाज बसला होता. "आमचं खड्डं कोण बुजीवनार, आप्पासाब?"

"काय म्हणतेय ती?" साहेबांनी विचारले.

"काही नाही. ताप डोक्यात गेलाय." आप्पासाहेब उभ्याउभ्याच पुढच्या खोलीकडे वळले.

त्याच तापात आक्का गेली.

स्वातंत्र्य आले त्या साली खड्डे बुजले आणि रस्ता झाला. फीत आप्पासाहेबांनीच कापली. विहीर अजून आहे, तिच्यावरून मी आक्काच्या मागाची जागा ओळखते. तिथून आप्पासाहेबांची मोटार जाते. तिथे आता कोणाला वाकावे लागत नाही.