शिवलेली शेवटची पानं

दोरा कापला, पान उलटलं आणि यमुना प्लेगने मेली. मी पुस्तक भिंतीवर फेकलं. "खोटारडी!" म्हणून ओरडलेसुद्धा, पण ऐकायला सुशीला कुठे होती? तिला जाऊन महिना होत आला. तिच्या सुनेने, "मावशी, हे तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं," म्हणत पुस्तक माझ्या हातात ठेवलं होतं. मेलेल्या बाईशी भांडताही येत नाही...

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात आम्ही दोघी होतो. ती बदलापूरहून यायची, मी अंबरनाथहून. ती मशीनवर, मी धागे कापायला. ही जाडजूड कादंबरी तिने रद्दीवाल्याकडून उचलली. शंभर वर्षांपूर्वीची मुंबई, कोकणातून एकटी आलेली यमुना, छापखान्यात कागदांच्या घड्या घालते, स्वतःची खोली करून राहते. त्या दिवसापासून या बाईने आमचं डोकं खाल्लं. डबा उघडला की यमुना. शेठलाही सोडलं नाही.

"सुशीला, मैं ये पढूँगा तो माल कौन निकालेगा?"

"पढो तो सही शेठ, लडकी तुमसे ज्यादा हिंमतवाली है."

मी चौथी शिकलेली. एवढं पुस्तक मला झेपणार नाही म्हटलं, तर म्हणाली, "पाचवीत काय वेगळी अक्षरं असतात?"

शेवटची पानं तिने जीन्सच्या पिवळ्या जाड दोऱ्याने कडेकडेने शिवून टाकली होती. विचारलं की म्हणायची, "बाइंडिंग सुटत होतं, मारली शिलाई. शेवट मी सांगते ना." आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. छत्री, पिशवी, चपलेचा पट्टा, जे फाटेल ते आम्ही मशीनखाली घालायचो. पुस्तक का नाही? आणि शेवट ती असा सांगायची: यमुनेला प्लेग होतो, पण ती उठते आणि खानावळ काढते. सगळ्या कारखान्याने हाच शेवट खरा मानला.

माझ्या पोरीने, वैशालीनेही मानला. पुस्तक वाचून तिने नर्सिंगसाठी मुंबईला जायचा हट्ट धरला. ठरत आलेलं स्थळ हातचं गेलं. मी सुशीलाशी बोलणं टाकलं, पण तिला त्याचं काहीच नाही, ती आपली शेजारी बसून डबा खायची.

पहिल्याच वर्षी हॉस्टेलमधून निरोप आला, वैशालीला टायफॉइड झालाय. मी ठरवूनच निघाले, पोरीला घरी आणायचं, परत पाठवायचं नाही. न बोलावता सुशीला बरोबर आली. वॉर्डात पोरगी पांढरीफटक पडलेली. म्हणाली, "आई, मला घेऊन चल. नाही राहायचं मला इथे." मी तिच्या चपला शोधायला खाटेखाली वाकले, तेवढ्यात सुशीला उशाशी जाऊन बसली.

"काय गं, यमुना प्लेगातून उठली आणि तू तापाला घाबरलीस? तिला तर सलाइनसुद्धा नव्हतं."

पोरगी जरा हसली. "मावशी, तिच्या खानावळीत काय मिळायचं?"

"सुकट-भाकरी. बरी हो, मग खायला घालते."

"गप्प बस गं," मी म्हटलं, "पुस्तकातलं आहे ते!"

"शांते, चपला ठेव खाली आणि बस."

आणि मी बसले. का बसले ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरीने घरचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

खरा शेवट तेव्हा माहीत असता तर मी पोरीला त्याच दिवशी अंबरनाथला आणली असती आणि पुढच्या लग्नसराईत उजवून मोकळी झाले असते. हे सुशीलाला पक्कं ठाऊक होतं. एवढी वर्षं रोज शेजारी बसत होती, एकदा तरी सांगायचं होतं... पण नाही. सगळं उरकल्यावर पुस्तक पाठवून दिलं.

भिंतीजवळून ते पुन्हा उचललं आणि उरलेली पानं वाचली. ती सगळ्यांत चांगली लिहिलेली आहेत, आणि या बाईने नेमकी तीच शिवली! कादंबरी मिळाली तर वाचा, मीही सांगते. फक्त घरात कुणी तापाने पडलं असेल तर थांबा.

यमुना छापखान्यामागच्या खोलीत मेली. सुशीला बदलापूरला आपल्या खाटेवर गेली. वैशाली त्या तापातून उठली, तिथेच शिकली आणि नर्स झाली.