अहो आई, आधी फोल्डर!

जावयानं सासूला काही म्हणता काही शिकवू नये. पोहायला नको, गाडी चालवायला नको आणि कंप्युटरची ती काळी खिडकी तर नकोच नको. शिकवायचं म्हणजे शिकवणाऱ्याला खेकसता आलं पाहिजे आणि शिकणाऱ्याला ‘डोक्यावरून गेलं’ म्हणता आलं पाहिजे. सासू-जावयाला दोन्हींची चोरी!

पण हे ऑपरेटरबाईंना सांगणार कोण? टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना ऑपरेटरबाईच म्हणायची. आवाज असा, की ‘थांबा, जोडून देते’ म्हटलं की भांडायच्या तयारीनं फोन केलेला माणूसही गपगुमान थांबायचा. निवृत्तीनंतर तो आवाज घरात नुसता पडून राहिला. यजमान वारलेले, लेक लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेलेली. बोलायचं कुणाशी? कुकरशी?

मग त्यांना लायब्ररीतली बोलती पुस्तकं सापडली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी पुस्तक मोठ्यानं वाचायचं, रेकॉर्ड करायचं. बाई वाचायला बसल्या आणि त्यांच्यात जीव आला. रहस्यकथेतल्या खुन्याचं बोलणं त्या असं वाचायच्या, की एका आजोबांनी ऐकता ऐकता उठून दाराची कडी पुन्हा एकदा चाचपली होती.

आणि अशात ग्रंथपालबाईंनी फर्मान काढलं. कंप्युटर सांभाळणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले होते, दुसरा माणूस मिळणार नव्हता. तेव्हा यापुढे ज्यानं वाचलं, त्यानंच आपली रेकॉर्डिंगं लायब्ररीच्या कंप्युटरवर जागच्या जागी लावायची. महिनाअखेरीला प्रत्येकानं समोर बसून करून दाखवायचं. ज्याला जमणार नाही, त्याची पुस्तकं मशीनचा आवाज वाचेल.

मशीनचा आवाज बाईंनी ऐकला होता. तो मेला खून आणि खोकल्याचं औषध एकाच सुरात वाचायचा! वाचन गेलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यांना खरंच कळेना.

लायब्ररीचा कंप्युटर जुनाट. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही. घरच्या लॅपटॉपवरून त्याला जोडून घ्यायचं, की समोर काळी खिडकी. तिच्यात हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं.

जावई कंप्युटरच्याच कामात होता. मुलगा सोन्यासारखा, पण भिडस्त इतका, की रिक्षावाल्यानं चुकीच्या घरासमोर उतरवलं तरी ‘छान, इथंच’ म्हणून तिथून चालत जाणारा. रोज ऑफिस सुटलं की तो सासूबाईंकडे यायचा. टेबलाच्या एका बाजूला बाईंचा लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला त्याचा, तोही लायब्ररीच्या कंप्युटरला जोडलेला.

“आई, एलएस लिहिलं की समोर काय काय आहे ते दिसतं. सीडी म्हणजे दुसऱ्या फोल्डरमध्ये जायचं. एमव्ही म्हणजे फाइल उचलून दुसरीकडे ठेवायची. पण त्याआधी एमकेडीआयआर लिहून तो फोल्डर बनवायचा. कळलं ना?”

“कळलं की, जावईबापू.”

कप्पाळ कळलं होतं! पण जावयासमोर तसं म्हणायचं कसं?

पहिला खटका उडाला तो त्या खिडकीशी. बाईंनी फाइल हलवायचा हुकूम दिला, एंटर दाबलं. खिडकी गप्प. हूं नाही की चूं नाही. उभा जन्म एक्स्चेंजमध्ये गेलेल्या बाईंना गप्प लाइन म्हणजे तुटलेली लाइन. त्यांनी तोच हुकूम पुन्हा ठोकला. तेव्हा मात्र खिडकी बोलली. म्हणाली, अशी फाइलच नाही.

“आत्ता तर होती! खोटारडी कुठली!”

“ती पहिल्यांदाच गेली, आई,” जावई खाली बघत म्हणाला. “काम झालं की ही काही बोलत नाही. चुकलं तरच बोलते. पण तुमचं छान चाललंय हं.”

हे मात्र बाईंच्या डोक्यात पक्कं बसलं. खिडकी गप्प, म्हणजे सगळं ठीक.

दुसऱ्याच दिवशी जावयाच्या लक्षात आलं, की आई फोल्डर बनवतच नाहीत. सरळ एमव्ही लिहून प्रकरण त्यात टाकायला निघतात. आता यावर सरळ माणसानं काय करावं? ‘आई, फोल्डर राहिला’ म्हणावं. तीन शब्द! पण हा पडला भिडस्त. मोठ्या माणसाची चूक काढायची कशी? त्यानं हळूच आपल्या लॅपटॉपवरून तो फोल्डर बनवून टाकला. बाईंनी एंटर दाबलं, फाइल व्यवस्थित आत गेली.

“जमलं!”

“छान, आई. छान.”

रोज हेच. बाईंनी नाव टाइप करायला घ्यावं आणि पलीकडे जावयानं लगबगीनं फोल्डर बनवावा. बाईंची बापडीची समजूत झाली, की नाव लिहिलं की फोल्डर आपोआप उगवतो. लेकीला त्या फोनवर म्हणाल्या, “उगाच बाऊ करतात गं लोक. काही कठीण नाही त्यात.”

मग एकदा जावई ऑफिसात अडकला. बाईंनी तोवर एक अख्खी रहस्यकथा वाचून काढली होती. किती दिवस घसा खरवडून, गरम पाणी पीत पीत वाचलेली! म्हटलं, आज एकटीनंच लावून टाकू, जावईबापू आले की चकित होतील.

झाले ते चकित.

बाईंनी पहिलं प्रकरण ‘रहस्य’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. तसा फोल्डर नव्हताच. खिडकीनं समजूत करून घेतली, की बाईंना प्रकरणाचं नाव बदलून ‘रहस्य’ ठेवायचं आहे. ठेवलं. दुसरं प्रकरण आलं, त्याचंही नाव ‘रहस्य’ ठेवलं आणि पहिलं पुसून टाकलं. तिसऱ्यानं दुसरं पुसलं. बाई आपल्या एकेक कॉल जोडावा तशा एकेक प्रकरण धाडत होत्या. खिडकी गप्प होती आणि बाई खुशीत गुणगुणत होत्या.

शेवटी त्यांनी एलएस लिहिलं. समोर एकच फाइल. उघडून ऐकली, तर शेवटचं प्रकरण. आचारी कबुली देत होता, की खून मीच केला. बाकी सगळं पुस्तक गायब!

जावई धापा टाकत आला, तेव्हा बाई रडून मोकळ्या झाल्या होत्या. त्यानं खिडकीत पाहिलं आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, “छान...”

“छान काय, छान! पुस्तक गेलं माझं! आता ते मशीन वाचणार, आणि मी बसते भिंतीकडे बघत!”

“नाही गेलं, आई. माझ्याकडे कॉपी आहे. सगळ्या प्रकरणांची.”

बाईंनी हात जोडले, डोळे पुसले. देवासारखा जावई! मग पदर डोळ्यांशीच थांबला.

“तुम्ही कॉपी कशासाठी ठेवली होती?”

जावयानं नजर काळ्या खिडकीत खुपसली.

“म्हणजे मला काही येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

मग त्यानं फोल्डरचंही सांगून टाकलं. बाई ऐकत गेल्या, तशा लाल होत गेल्या.

“अहो, रोज हजार माणसांना तोंडावर ‘राँग नंबर’ म्हणत आले मी! एक नाही मेला त्यानं. चुकीच्या घरी लाइन जोडून ‘छान’ म्हटलं असतं, तर काय झालं असतं? तुम्ही माझा मान राखलात की माझा खेळ केलात?”

जावई रडवेला झाला. बाईंना त्याची दयाही आली, पण आता माघार नव्हती. “उद्यापासून चुकले की ‘चूक’ म्हणायचं. नाहीतर माझ्याकडे चहा बंद.”

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “जरा वेगळं झालंय, आई.” बाईंनी डोळे वटारले. त्यापुढच्या दिवशी म्हणाला, “चूक आहे असं कुणी म्हणू शकेल.” चहा खरंच मिळाला नाही. सुधारणा मुंगीच्या पावलानं चालली होती. आणि एका संध्याकाळी, दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन आलेला जावई, बाईंनी पुन्हा थेट एमव्ही लिहिलेलं बघून कडाडलाच, “अहो आई, डोकं ठिकाणावर आहे का? आधी फोल्डर! किती वेळा सांगायचं!”

लेक आलेली होती, ती स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन धावली. “असं बोलतात होय आईशी? शोभतं का तुम्हाला?”

“तू मध्ये पडू नकोस,” बाई म्हणाल्या. “आत्ता कुठे शिकवायला लागलेत ते. हं, जावईबापू, तो फोल्डर बनवायचा हुकूम पुन्हा सांगा. मला मेला अजून पाठ नाही.”

हेही बाईंच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं. त्यानंतर शिकवणी अशी पळाली, की विचारू नका. दोघं कचाकचा भांडायची आणि बाईंना यायला लागलं.

परीक्षेच्या दिवशी ग्रंथपालबाई चष्मा सरसावून शेजारी बसल्या. जावयाला त्यांनी मागे भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं, तिथून त्याला खिडकी तेवढी दिसत होती. मदत चालणार नाही, असं बजावलं. बाईंनी एमकेडीआयआर लिहिलं, नाव लिहिलं, एंटर दाबलं. खिडकी गप्प. बाईंनी पहिलं प्रकरण पाठवायला घेतलं.

“चूक!” भिंतीकडून आवाज आला. अख्ख्या वाचनालयाच्या माना वळल्या.

“अहो, मदत चालणार नाही म्हटलं ना!” ग्रंथपालबाई कडाडल्या.

जावयानं तोंडावर हात ठेवला. काय चुकलं, ते त्यानं सांगितलं नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही. एंटर न दाबताच त्यांनी हात मागे घेतला, लिहिलेलं खोडलं आणि श्वास घेऊन एलएस लिहिलं. त्यांनी फोल्डर ‘रहस्य’ म्हणून बनवला होता आणि प्रकरण निघालं होतं ‘रहस्ये’कडे. बाईंनी नाव नीट लिहिलं. मग एकेक प्रकरण आत धाडलं, सीडी करून आत शिरल्या आणि पुन्हा एलएस लिहिलं. सगळी प्रकरणं ओळीनं हजर होती, आचाऱ्याच्या कबुलीसकट.

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. “जमलं की हो तुम्हाला. वाचा तुम्हीच. पुढचं पुस्तक जाताना घेऊन जा.”

बाईंनी पुस्तक छातीशी धरलं.

दाराशी पोचेपर्यंत ग्रंथपालबाई त्यांच्या कानाशी लागल्या. “एक बोलू? राग मानू नका. जावई जरा उद्धट आहे हो तुमचा.”

“आहे ना?” बाईंचा चेहरा फुलला. “फार मेहनत घेतलीय हो मी त्याच्यावर!”