सदाच्या नावाची चिठ्ठी

मित्रांनो, आज मी माझाच नियम मोडला.

आमच्या सांगलीच्या ऑफिसात संगणकाचे प्रोग्रॅम छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांत असतात. जो गठ्ठा दुरुस्तीला घेईल, त्याने आपल्या नावाची चिठ्ठी लावून तो कुलपात ठेवायचा. इतरांनी हात लावायचा नाही.

तासगावच्या सदाने एक गठ्ठा तीन आठवडे अडवला, म्हणून मी चिडलो.

"आवं साहेब, लय थोडं ऱ्हायलंय. उद्या सोडतो की!"

त्याचा चेहरा उतरला होता. मी विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो हृदयविकाराने गेला.

आज कुलूप मीच काढलं. शेवटच्या कार्डावर त्याने छिद्रं पाडून इंग्रजी अक्षरांत टीप ठेवली होती: 'बाकी उद्या'.

त्याची चिठ्ठी काढायला हात धजेना. तिच्याखाली माझी लावली. चुकलं का माझं?